सातवा रकाना

कोळार, बीदर
९ फेब्रुवारी १९८६

अण्णा,

वरची जागा कोरी सोडली आहे. तू मागे सांगितलं होतंस, पोस्टमन वाचतो, घरमालक वाचतो, वर तसलं काही लिहीत जाऊ नकोस. हे आंतरदेशीय आहे, चिकटवलेलं आहे. तरी सोडली आहे.

माय गेल्याची तार तुला मिळाली. तारेवाल्यानं मला पोच दाखवली. एक दिवस वाट पाहून आम्ही तिला नेलं. हे पत्र त्यासाठी नाही.

४ डिसेंबरला, बुधवारी, निर्ण्याच्या अलीकडच्या वळणावर मायाप्पा माझ्या गाडीखाली आला. लहानपणी तुझ्याबरोबर मेंढरांमागं फिरायचा तो मायाप्पा. ब्रेक लागले नाहीत. पुढचं चाक छातीवरून गेलं आणि मागचं त्याच जागेवरून. मी उतरलो तेव्हा त्याचे डोळे उघडे होते. तोंडातून रक्त नव्हतं, नुसतं पाणी येत होतं. माय गाडीत होती. हातांच्या मलमपट्टीसाठी तिला गुलबर्ग्याला नेत होतो.

शेतातले लोक आले. त्यांनी मला त्याच्या शेजारी निजवलं आणि दगडांनी मारलं. उजव्या खांद्याचं हाड मोडलं, म्हणून अक्षर असं आहे. तिथंच संपवलं असतं. माय गाडीच्या दारातून ओरडली, 'मारा त्येला, पर आधी मला खाली उतरवा.' तिला उतरवायला दोघं गेले, बाकीचे बघत थांबले, तेवढ्यात पोलीस आले.

गाडी ठाण्याच्या आवारात आहे. मी जामिनावर आहे. कारखान्याच्या शेडमध्ये झोपतो.

मायाप्पाच्या बायकोनं, पद्माबाईनं, बीदरच्या कोर्टात भरपाईचा दावा लावला आहे. माझ्यावर आणि विमा कंपनीवर. माझ्याकडून तिला काय मिळणार. कंपनीकडून मिळू शकतं. पण कंपनीचं म्हणणं असं की पॉलिसीच रद्द आहे, कारण अर्जाच्या सातव्या रकान्यात मी खोटं साल दिलं.

त्या अर्जावर साक्षीदार म्हणून तुझी सही आहे.

अपघातानंतर माय महिनाभर माझ्याशी बोलली नाही. जाताना बोलली ते एवढंच: 'पद्मीच्या लेकरांला मिळू दे. तेवढं कर.' तेवढं करायचं आहे. जुलैत तारीख आहे. येऊन सातव्या रकान्याचं सांग.

बाबूलाल


कोळार
२७ एप्रिल १९८६

अण्णा,

तू लिहितोस, ज्यांनी घर जाळलं त्यांच्यातल्याच एकाच्या बायकोसाठी मी रजा काढून का यावं. तू त्या दिवशी नव्हतास, आणि नंतर आलास तेव्हा विचारलं नाहीस. म्हणून लिहितो.

जत्रेत हलगी वाजवा म्हणून गावातले पाचजण सांगायला आले होते. बाबांनी छप्पन सालानंतर ती हातात घेतली नव्हती. खुंटीला होती. मायनं त्यांच्यासमोर ती खाली काढली, कातडं फाडलं, लाकडाचं कडं मोडून चुलीत घातलं आणि त्यावर भाकर भाजली. 'बसा, जेवून जावा,' म्हणाली. ते बसले नाहीत.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी छपरावर घासलेट पडलं. चौऱ्याऐंशीचा मे महिना होता. मी इथं कोळारला कामावर होतो. माय आत निजली होती. दाराला बाहेरून कडी घातलेली होती. दार पत्र्याचं. ती दोन्ही हातांनी दार ढकलत राहिली आणि पत्रा तापत गेला. मी पोचलो तेव्हा दार अंगणात पडलं होतं आणि त्यावर तिचे दोन पंजे होते. रंगात हात बुडवून भिंतीला लावतात तसे. रंग नव्हता, कातडी होती.

दवाखान्यात मी तिला एकच विचारलं. कडी कुणी घातली. ती म्हणाली, 'मायाप्पानं.'

मी पुढं काही विचारलं नाही.

पोलिसांनी पंचनाम्यात 'बेवारस झोपडी' लिहिलं. बाबांनी बांधलेल्या घराचा कागद नव्हता. कागद नाही म्हणून घर नाही, घर नाही म्हणून जाळलं नाही. फौजदार मला समजावून सांगत होता. माणूस वाईट नव्हता, मला चहा पाजला.

दवाखान्यातून आल्यावर माय छपराखाली येईना. शेडमध्ये नाही, कुणाच्या घरी नाही. उन्हात बसून राहायची. हातांवर माश्या बसायच्या आणि तिला त्या हाकलता यायच्या नाहीत. एक दिवस म्हणाली, 'घर असं पायजे बग, पेटवाया कुणी आलं की उठून पळंल.' ती हसली, मीही हसलो. दुसऱ्या आठवड्यात मी सरकारी लिलावातून एकोणसत्तर सालची ॲम्ब्युलन्स उचलली. जिला कुणी हात लावत नव्हतं ती.

ती गाडी तू पाहिलीस. पाहिली म्हणजे बाहेरून. आत आला नाहीस, तुझा बूट चिखलाचा होता. आत दोन फळ्यांचे पलंग होते, एक घडीचा. स्टोव्हसाठी पत्र्याचा कप्पा, त्याला भोकं पाडलेली. पाण्याची टाकी वर. खिडक्यांना जाळी. दारं दोन, एक मागं, एक बाजूला, आणि दोन्हींची कडी फक्त आतून. बाहेरून दाराला काहीच नव्हतं, मूठसुद्धा नाही. सगळं वेल्डिंग माझं. इंजिन दुसऱ्यानं बघितलं, पण ब्रेक मी स्वतः केले. लायनर नवे, नळ्या नव्या. माय बसणार होती म्हणून.

गाडी तयार झाली आणि ती आत जाईना. 'कागद हाय का?' म्हणाली. आरसी होतं, त्यावर ॲम्ब्युलन्स लिहिलेलं. 'दवाखान्याचा कागद हाय तो. माझ्या घराचा कागद दाव.' आरटीओ म्हणाला, बदल चढवतो, आधी विमा आण. म्हणून विमा. एवढ्या एका कागदासाठी ती पाऊण महिना गाडीच्या सावलीत झोपली, आत नाही.

तू येशील असं धरून चाललो आहे.

बाबूलाल


कोळार
१३ जुलै १९८६

अण्णा,

तारखेला तू आला नाहीस. पत्रात लिहिलंस, सातव्या रकान्याचं मला काही आठवत नाही, तूच कोर्टात सांग.

मी सांगू शकत नाही. मी आरोपी आहे, माझ्या शब्दाला वजन नाही. शिवाय वकील म्हणतो, मी पेटीत उभा राहिलो की इतर प्रश्नही निघतील. इतर प्रश्न निघायला नकोत.

तुला आठवत नाही तर आठवण देतो. मागल्या साली फेब्रुवारी. तू दोन दिवसांसाठी आला होतास. तिसरी चक्कर होती माझी विमा कंपनीच्या ऑफिसात, म्हणून मी तुला बरोबर घेतलं. तुला इंग्रजी येतं.

आगीच्या टेबलावरचा म्हणाला, 'चाकं हायत हिला. मोटारीच्या टेबलाला जावा.' मोटारीच्या टेबलावरचा म्हणाला, 'स्टोव्ह हाय, पलंग हाय. घर हाय हे. आगीच्या टेबलाला जावा.' मी म्हणालो, आगीच्या टेबलानंच पाठवलंय. तो म्हणाला, 'मग येकदा ठरवा की, घर म्हणायलाव का गाडी?' मी म्हणालो, 'साहेब, पळायली की गाडी. थांबली की घर.' सगळं ऑफिस हसलं. तूही हसलास. 'थांबल्यावर इकडं येऊ नका मग,' तो म्हणाला.

शिपायानं आपल्याला समोरच्या हॉटेलात गुरुशांतप्पाकडं पाठवलं. तो एजंट. पांढरी टोपी, कपाळाला विभूती. त्याच्यासमोर दोन फॉर्म आणि एक शंकरपाळ्यांची बशी. त्यानं आपल्यालाही शंकरपाळी दिली. कानडीत सुरुवात केली, मग मराठीत, मग फॉर्म भरताना दखनीत, तिथं सगळे बोलतात तसं. मान खाली, पेन चालू.

'नाम? बाप का नाम? कौन लोगां जी तुमे?'

हे फॉर्मवर नव्हतं. त्यानं सहज विचारलं. मी म्हणालो, 'बौद्ध.'

त्यानं तुझ्याकडं पाहिलं. 'आप?'

तू म्हणालास, 'मी पुण्याला असतो.'

मग त्यानं पुन्हा मान खाली घातली आणि विचारलं, 'कन्व्हर्ट कब हुए?'

अण्णा, त्यानं गाडी हा शब्द उच्चारला नाही. त्या बोलीत 'हुए' कुणालाही लागतं, माणसाला, मेंढराला, मोटारीला. दोन क्षणांपूर्वी त्यानं मला कोण लोक विचारलं होतं. मला वाटलं तेच पुढं चाललंय. आपल्याला जन्मभर तेच विचारतात. मी म्हणालो, 'छप्पन साली.'

त्यानं लिहिलं. 'तो पुराना काम है. जुन्या बदलाला तपासणी लागत न्हाई,' म्हणाला, खूश झाला.

मग कागद तुझ्याकडं सरकवला, साक्षीदार म्हणून. तू वरपासून खालपर्यंत वाचलास. बोट ठेवून वाचलास. सातव्या रकान्यावर बोट थांबलं. एकोणसत्तरच्या गाडीचं छप्पन साली रूपांतर. मी तुझ्याकडं बघत होतो, तुझे कान लाल झाले होते. मला वाटलं हॉटेलात उकडतंय.

चूक सुधारायची तर तुला म्हणावं लागलं असतं, हे साल गाडीचं नाही, आमचं आहे. तू शंकरपाळं तोंडात टाकलंस आणि सही केलीस.

मला हे अपघातानंतर कळलं, कंपनीची नोटीस वकिलानं वाचून दाखवली तेव्हा. तुला त्याच दिवशी माहीत होतं.

खरं साल चौऱ्याऐंशी लिहिलं असतं तर तपासणी झाली असती, आणि स्टोव्ह बघून त्यांनी नाही म्हटलं असतं. म्हणून मी फसवलं, असं कंपनी म्हणते. आमचा वकील म्हणतो, फसवणारा माणूस गाडी जन्मायच्या तेरा वर्षं आधीचं साल सांगत नाही. ही चूकच आहे. पण कसली चूक, हे सांगणारं कुणीतरी पाहिजे. गुरुशांतप्पा सांगणार नाही, त्याची एजन्सी जाईल.

पुढची तारीख सप्टेंबरात.

बाबूलाल


कोळार
२१ सप्टेंबर १९८६

अण्णा,

याही तारखेला तू नव्हतास. तुझं पत्रही नाही.

पद्माबाई तिन्ही लेकरं घेऊन आली होती. धाकटं अंगावर पीत होतं. तिनं मला जिन्यात गाठलं. म्हणाली, 'तुजं घर फिरत व्हतं. माजं बसलं.' मी म्हणालो, माझा भाऊ येणार आहे, तो आला की तुला मिळेल. ती म्हणाली, 'तुज्या मायच्या मयताला आला का त्यो? माज्यासाठी येतोय.' तिच्या दिराला, गुंडाप्पाला, हसू आलं.

डाव्या कानाला थोडं लागलं आहे. शेडमध्ये पत्रा लागला. टाके घातले.

नोव्हेंबरची तारीख शेवटची. त्यानंतर जज्ज निकाल देणार. आला नाहीस तर दावा जाईल आणि मी मायला दिलेला शब्दही. यापुढं तुला लिहिणार नाही.

बाबूलाल


कोळार
३० नोव्हेंबर १९८६

अण्णा,

तू पोचला असशील. बसमध्ये जागा मिळाली नाही, उदगीरपर्यंत उभा गेलास का?

तुला कोर्टाच्या फाटकातून येताना पाहिलं तेव्हा मी आधी ओळखलं नाही. तू चष्मा काढून हातात धरला होतास. पेटीत चढताना तू कठडा धरून होतास, आणि मला वाटलं हा आता पुन्हा म्हणणार, मी पुण्याला असतो.

गुरुशांतप्पा तुझ्या आधी सांगून गेला होता, 'गाडी कन्व्हर्ट कब हुई', असंच विचारलं म्हणून. तू म्हणालास, 'गाडी हा शब्द नव्हता. हुई नव्हतं. हुए होतं.' जज्ज म्हैसूरकडचे, त्यांना फरक कळेना. तू इंग्रजीत सांगितलंस, हुई म्हणजे गाडीच, हुए माणसांनाही लागतं. मग ते थोडा वेळ गुरुशांतप्पाकडं बघत राहिले आणि गुरुशांतप्पा हातातल्या टोपीकडं.

कंपनीच्या वकिलानं तुला सोडलं नाही. 'तुम्ही शिकलेले. वाचून सही केली. चूक दिसली तर बोलला का नाहीत?'

'लाज वाटली.'

'कसली लाज?'

तू पाणी मागितलंस. शिपायानं आणलं ते प्यायलास. मग तू म्हणालास, 'पुण्यात मी दुसरं आडनाव लावतो. ऑफिसात कुणाला माहीत नाही. छप्पन साली मी दहा वर्षांचा होतो. वडिलांबरोबर नागपूरला गेलो होतो. तिथं मी स्वतः उभा होतो, हा तेव्हा जन्मलाही नव्हता. ते साल माझं आहे. यानं माझं साल सांगितलं आणि मी गप्प बसलो.'

टायपिस्टनं सगळं टाइप केलं. तुझ्या दोन्ही आडनावांसकट. आता ते तिथं आहे, कुणीही जाऊन नक्कल मागू शकतो.

पद्माबाई बाकावरून उठून तुझ्याकडं बघत होती. तुला ते दिसलं नाही.

स्टँडवर तू मला दोन गोष्टी विचारल्यास. कानाला काय झालं, आणि ब्रेक खरंच लागले नव्हते ना. दोन्हींना मी उत्तर दिलं. बस सुटल्यावर मी तिथंच बसून राहिलो, बराच वेळ. शेंगदाणेवाल्यानं मला उठवलं.

बाबूलाल


५ एप्रिल १९८७

जयभीम अण्णा.

निकाल लागला. पॉलिसी खरी धरली. भरपाई तिन्ही लेकरांच्या नावे बँकेत ठेवायचा हुकूम आहे, गेल्या सोमवारी ती जमा झाली. मायचं काम झालं.

आता मी तुला उत्तरं देतो. तू भर कोर्टात तुझं सांगितलंस आणि दोन तासांनी मी स्टँडवर तुझ्या तोंडावर खोटं बोललो. हे पत्र कुणी फोडलं तरी हरकत नाही.

कानाला पत्रा लागला नाही. सप्टेंबरच्या तारखेनंतर गुंडाप्पानं आणि आणखी दोघांनी मला कोर्टामागच्या बाभळीत नेलं. दोघांनी धरलं. त्याच्याकडं लोकर कातरायची कात्री होती. त्यानं माझा कान धरून दोन ठिकाणी खाच पाडली, मेंढराला खूण करतात तशी, त्यांच्या घराची खूण. हात सराईत होता. म्हणाला, 'आता तू आमच्या कळपातला. खुणंचं मेंढरू कवा कापायचं त्ये मालक ठरवतो.' मग कानाला हळद लावली. मेंढराला लावतात म्हणून लावली.

आता दुसरं.

ब्रेक लागत होते. ब्रेक मी केले होते, ते लागणारच.

त्या वळणावर मायाप्पा रस्त्याच्या मधोमध उभा होता. एक हात वर. दुसऱ्या हातात घासलेटचा डबा. दीडशे पावलांवरून मला तो आणि तो डबा दिसला. मागून माय म्हणाली, 'थांब रे, मायाप्पा हाय.' मी ऐकलं. माझा पाय ब्रेकवर होता. मी तो उचलला.

त्यानं हात शेवटपर्यंत खाली घेतला नाही. त्याला वाटत होतं मी थांबेन. मी थांबणार नाही असं एकदाही त्याच्या तोंडावर दिसलं नाही, आणि मला ते दिसायला हवं होतं. म्हणून मी त्याच्या तोंडाकडंच बघत होतो.

मी उतरलो. मागे लिहिलं, डोळे उघडे होते. मी पाना घेऊन गाडीखाली शिरलो. त्याला ओढायला नाही. तो हातभर अंतरावर होता, त्याचा श्वास ऐकू येत होता. मी ब्रेकची नळी सैल केली, ऑइल गळू दिलं. ऑइल आणि त्याच्या तोंडातलं पाणी एकाच बाजूला वाहत होतं, उतार होता. माय दारातून वाकून बघत होती.

बाहेर आलो तेव्हा ती म्हणाली, 'कडी काढली बी त्यानंच व्हती.'

मला आधी कळलं नाही.

'त्याला घालाया लावली. समदे गेल्यावर त्यो परत आला. जळत्या दारातून मला वडलं. त्याच्या हाताला बी फोड हायत, बग.'

मी पाहिलं. होते. जुने, पांढरे झालेले.

मी म्हणालो, 'मग आधी का सांगितलं न्हाईस?'

ती म्हणाली, 'तू इचारलंस कवा? कडी कुणी घातली येवढंच इचारलंस.'

त्यानंतर लोक येईपर्यंत आम्ही तिघं तिथं होतो. तो अजून होता. थोडा वेळ. माय घसरत पायरीवर आली आणि त्याच्याकडं तोंड करून बसली. हात तसले, काही धरता येत नव्हतं. मला मारायला लागले तेव्हा तिनं आरोळी मारली ती मला वाचवायला, असं मी इतके दिवस धरत होतो. आता तसं वाटत नाही. तिला खरंच खाली उतरून त्याच्याजवळ जायचं होतं.

पंचनाम्याची नक्कल माझ्याकडं आहे. प्रेताजवळ मिळालेल्या वस्तू: टायरची चप्पल एक. रेशनकार्ड एक. घासलेटचा डबा एक, रिकामा. त्या दिवशी रेशनचं घासलेट सुटणार होतं. तो दुकानाकडं निघाला होता आणि मला हात दाखवत होता, घेऊन जा म्हणून.

निकालाच्या दिवशी पद्माबाई नळावर लेकराचं तोंड धूत होती. मला बघून म्हणाली, 'बिरेक मारला की सडकंवर काळा पट्टा उमटतो. दुसऱ्या रोजी मी बगून आले व्हते. पट्टा न्हवता.' मी म्हणालो, मग कोर्टात का बोलली नाहीस. 'बोलले असते तर लेकरांला काय, तुजी फाशी खायाला घालू?' लेकराचं नाक पुसून पदर पिळला. 'पैसा लेकरांच्या नावावर चढूस्तोवर मुकाट ऱ्हा. मग तू हाईस आन् गुंडाप्पा हाय.'

पैसा चढला आहे.

पोलिसांनी गाडी सोडली. मी ती गावात आणली, आपल्या जळक्या जागेवर. चार दगडांवर चढवली आणि चाकं काढली. चाकं शेडमालकाला देऊन टाकली. दिवसा कामाला बसनं जातो, संध्याकाळी परत येतो. गावातलं कुणी काही बोलत नाही. परवा गुंडाप्पा मेंढरं घेऊन समोरून गेला, थांबला, चाकांच्या जागी बघत राहिला. मागच्या दारावर त्यानं हात फिरवला. बाहेरून कडी नाही हे त्याला तेव्हा कळलं. काल मी बाहेरून कडी बसवली.

तुला कधी तार आली तर ये. आलास तर कुणी मारलं एवढंच विचारू नकोस.

कंपनीकडून नूतनीकरणाचा फॉर्म आला आहे, छापील, आपोआप येतो. उभ्या गाडीला विमा लागत नाही. तरी भरला. सातवा रकाना आता मला वाचता येतो. रूपांतर कशाचं, तिथं लिहिलं: गाडीचं घर. साल, १९८७. या वेळी बरोबर आहे.

साक्षीदाराची जागा कोरी सोडली आहे.

बाबूलाल